कोमल रिषभाखालची रेघ

लिलीपॉन्ड हा स्वरलिपी छापणारा मुक्त प्रोग्रॅम आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी १९९६ साली तो लिहायला घेतला. आज निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक तो चालवतात. त्याच्या जाडजूड मार्गदर्शिकेत पाश्चात्त्य परंपरेबाहेरच्या संगीतासाठी वेगळा विभाग आहे. अरबी संगीत त्यात आहे. तुर्की मकाम लिहिणाऱ्यांसाठी एका पूर्ण स्वरांतराचे नऊ सूक्ष्म भाग धरून केलेल्या खुणा आहेत. अलीकडच्या आवृत्त्यांत इराणी अभिजात संगीताचीही भर पडली. हिंदुस्थानी संगीत मात्र तिथे नाही. महाराष्ट्रात संगीताच्या क्लासमध्ये वहीवर उतरणारी भातखंडे स्वरलिपी हा प्रोग्रॅम, आहे तसा घेतला तर, छापू शकत नाही. ही उणीव कुणाच्या आकसातून आलेली नाही. अरबी आणि तुर्की भाग तिथे आले, कारण त्यांची गरज असलेली माणसं प्रोग्रॅमच्या आत शिरली आणि त्यांनी ते लिहिले. आपल्या बाजूने कोणी शिरलं नाही. माझं म्हणणं असं की हे काम पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांतले विद्यार्थी करू शकतात; ते त्यांनीच करण्यात अर्थ आहे; आणि त्यासाठी त्यांना जे शिकावं लागेल ते कॉलेजच्या अभ्यासक्रमात कुठेच शिकवलं जात नाही, तरीही ते शिकता येण्याजोगं आहे.

आधी काय छापायचं आहे ते पाहू. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत ठिकठिकाणच्या कलावंतांकडून मिळवलेल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. त्यांच्या खुणा मोजक्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर. एका मात्रेत दोन-चार स्वर बसवायचे तर त्यांच्याखाली कमान. स्वर लांबला की पुढे आडवी रेघ, गीतातलं अक्षर लांबलं की अवग्रह. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. मींड दाखवायला स्वरांच्या डोक्यावरून जाणारी कमान, आणि कणस्वर मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर बारीक अक्षरात. शिकवणाऱ्याला हे सगळं एका तासात समजावता येतं, आणि पेन्सिलीने लिहायला तर काहीच अडत नाही.

अडतं ते संगणकावर. युनिकोडमध्ये वैदिक उच्चारांसाठी अनुदात्ताची आडवी रेघ आणि उदात्ताची उभी रेघ आहे. लोक त्याच दोन खुणा कोमल आणि तीव्र म्हणून वापरतात. बिंदूंसाठी आणखी वेगळी जोडचिन्हं घ्यावी लागतात. फॉन्ट बदलला की रेघ सरकते. मंद्र सप्तकातला कोमल निषाद लिहायला घेतला की रेघ आणि बिंदू एकमेकांच्या अंगावर येतात. मग त्रितालासाठी वर्डमध्ये सोळा रकान्यांचं टेबल आखायचं, चार-चार मात्रांच्या विभागांना जाड रेघ द्यायची आणि एखाद्या मात्रेत चार स्वर आले की फुगलेला रकाना हाताने सारखा करायचा. इतका खटाटोप करून हाती जे येतं ते नुसतं चित्र असतं. त्यात स्वर आहेत हे वाचणाऱ्याला कळतं, संगणकाला कळत नाही. त्या पानावरून बंदिश वाजवून ऐकता येत नाही. 'ग म रे सा' ही संगती कोणकोणत्या बंदिशींत येते ते शोधता येत नाही. एका पानात चुकून राहिलेली कोमलची रेघ पकडता येत नाही. पाश्चात्त्य स्टाफवर लिहिणाऱ्याला या सगळ्या सोयी कित्येक वर्षांपासून फुकट मिळत आहेत.

लिलीपॉन्डची रचना पाहिली तर हे अंतर वाटतं तितकं मोठं नाही. वापरणारा साध्या मजकुरात स्वर आणि त्यांची लांबी लिहितो. प्रोग्रॅम त्यातून आधी संगीत समजून घेतो, म्हणजे कोणता स्वर, किती मात्रा, कोणत्या क्षणी. नंतर 'एनग्रेव्हर' म्हणवणारे छोटे-छोटे भाग त्या माहितीवरून एकेक खूण काढतात: एक स्वराचं डोकं काढतो, दुसरा काठी, तिसरा कमान, चौथा गीताचे शब्द. समजून घेणं आणि काढणं ही दोन कामं अशी वेगळी ठेवलेली असल्याने आपलं बरंचसं काम आधीच झालेलं आहे. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बाराही स्वर त्याच्या समजुतीत बसतात. षड्ज कोणत्याही पट्टीत धरला तरी स्वरांचं आपसातलं नातं राखून त्याला सगळी रचना हलवता येते. गीताचे देवनागरी शब्द तो आजही नीट जोडाक्षरांसह छापतो, कारण मजकुराची मांडणी तो पँगो या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीकडून करून घेतो. स्वराखाली नेमकं त्याचंच अक्षर यावं, शब्द लांब असला तर स्वरांमधली जागा वाढावी, हे तर त्याचं रोजचं काम. राहिलं काय? स्टाफवरच्या गोल डोक्याऐवजी 'रे' किंवा 'ध' हे अक्षर काढणं, त्याच्या रेघा आणि बिंदू एकमेकांना न भिडता बसवणं, एका मात्रेतल्या स्वरांना खालून कमान देणं, आणि तालाचे विभाग समेच्या फुलीसह दाखवणं. चिनी अंकलिपीच्या बाबतीत असंच घडलेलं आहे. 'जियानपू-एलवाय' नावाचा पायथन भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम अंकांत लिहिलेलं संगीत घेतो, लिलीपॉन्डला समजेल असं रूपांतर करतो आणि अंकलिपीतच छापून घेतो. तो मूळ प्रोग्रॅमच्या बाहेर राहून काम करतो. आपल्यालाही सुरुवात बाहेरून करता येईल आणि जिथे बाहेरून भागत नाही तिथे आत जाता येईल.

पेण आणि रोहा ही नावं मी इथे सहज घेतलेली नाहीत. दिवा–रोहा गाडीच्या वाटेवरची ही दोन तालुक्याची गावं. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. पेणला भाऊसाहेब नेने यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, रोह्याला डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या नावाचं. याच जिल्ह्यात लोणेऱ्याला १९८९ सालापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. म्हणजे संगणक शिकणारी मुलं या पट्ट्यात कमी नाहीत. दुसरीकडे गावोगावची भजनी मंडळं, हार्मोनियम आणि तबल्याचे क्लास, प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा हेही या पट्ट्याच्या रोजच्या जगण्यात आहे. लिपी जाणणारा आणि कोड जाणणारा मोठ्या शहरात एकमेकांना शोधत फिरतील. तालुक्याच्या गावात ते पुष्कळदा एकाच घरात, कधी एकाच माणसात असतात. हा योग मला फार मोलाचा वाटतो. लिलीपॉन्डच्या जुन्या-जाणत्या प्रोग्रॅमरांना सी प्लस प्लस उत्तम येतं, पण दादऱ्याच्या सहा मात्रांत कमान कुठे सुरू होते ते त्यांना कुणीतरी सांगावं लागेल. तो सांगणारा कोड वाचू शकत असेल तर निम्मा वेळ वाचेल.

पण अशा मुलाने किंवा मुलीने उद्या ठरवलं की करू या, तर पहिल्याच आठवड्यात काय समोर येतं ते स्पष्ट सांगायला हवं. प्रोग्रॅमचा मुख्य गाभा सी प्लस प्लसमध्ये, त्यावरचा मोठा थर स्कीम या लिस्प कुळातल्या भाषेत, स्वरचिन्हांचा फॉन्ट मेटाफॉन्टमध्ये, मदतीची कामं पायथनमध्ये, मार्गदर्शिका टेक्सइन्फोमध्ये. आपल्याकडचे पदवी अभ्यासक्रम यातल्या जेमतेम दोन भाषा शिकवतात. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा विंडोज असतं आणि लिलीपॉन्डचं बांधकाम लिनक्सवर होतं. म्हणून नवख्यांसाठी सगळी साधनं आधीच भरलेलं 'लिलीडेव्ह' नावाचं आयतं लिनक्स या प्रकल्पातल्या लोकांनी तयार केलं होतं. तरीसुद्धा मूळ कोड उतरवून स्वतःच्या संगणकावर प्रोग्रॅम उभा करणं हीच बऱ्याच जणांची पहिली आणि शेवटची पायरी ठरते. इगोर स्टाइनमाकर या ब्राझिलियन संशोधकाने सहकाऱ्यांसोबत मुक्त प्रकल्पांत येणाऱ्या नवख्यांचा अभ्यास केला. २०१६ साली मांडलेल्या कामात त्यांनी ५८ अडथळे नोंदवले आहेत. त्यांत तांत्रिक अडथळे आहेतच, पण कुठून सुरुवात करावी ते न कळणं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न मिळणं, मिळालेलं उत्तर तुसडं असणं, संस्कृतीतला फरक, माहिती जुनी किंवा विस्कळीत असणं अशा गोष्टींनी यादीचा मोठा भाग भरलेला आहे. हुशार विद्यार्थी परत फिरतो तो बहुतेक वेळा अशा गोष्टींमुळे, आणि मनात मात्र 'आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही' अशी समजूत घेऊन जातो. ही समजूत चुकीची असते. त्याला शिकवलेलं असतं कोऱ्या पानावर स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला. इथे लागतं दुसऱ्याने वर्षानुवर्षं लिहिलेलं वाचायला, त्यातली एकच ओळ बदलायला, आणि ती का बदलली हे अनोळखी माणसाला पटवून द्यायला. परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत.

हे शिकण्याचा क्रम कोणता, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पेणकरांना त्याचं उत्तर सांगायला नको. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात नवं पोर आलं की त्याच्या हाती आखणीचा ब्रश देत नाहीत. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा घासणं, सांधे बुजवणं, मग अंगाचा पहिला रंग, मग सोवळं आणि दागिने. डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच असते. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या वाय आणि गोला शिंप्यांकडे उमेदवारी कशी चालते त्याचा अभ्यास केला, आणि एटिएन वेंगर यांच्यासह १९९१ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यातून निघालेला विचार मांडला. तिथला क्रम वरवर उलटा दिसतो. शिकाऊ पोरगा आधी बटणं लावतो, दुमडी घालतो, म्हणजे कपड्याचं शेवटचं काम सर्वांत आधी शिकतो, शिवण त्यानंतर, कापड बेतणं अगदी शेवटी. पेणला शेवटचं काम शेवटी, लायबेरियात शेवटचं काम आधी. दोन्हीकडे नियम मात्र एकच आहे: चूक जिथे स्वस्त पडते तिथून सुरुवात. बटण उसवून पुन्हा लावता येतं, चुकीचं बेतलेलं कापड वाया जातं. कडा पुन्हा घासता येते, डोळा फिसकटला तर मूर्ती वाया जाते. शिवाय दोन्ही ठिकाणी पहिल्या दिवसाचं काम खरं असतं. ते सरावासाठी केलेलं खोटं काम नसतं; ती मूर्ती विकली जाते, तो कपडा कुणीतरी घालतो.

लिलीपॉन्डमध्ये चूक सर्वांत स्वस्त पडते ती मार्गदर्शिकेत. उदाहरण अपुरं असेल, वाक्य गोंधळाचं असेल, तर ते सुधारताना प्रोग्रॅम मोडत नाही, पण कोड उतरवण्यापासून तो तपासून स्वीकारला जाईपर्यंतची सगळी वाट चालून होते. याला इतिहासाचा आधार आहे. ग्रॅहॅम पर्सिव्हल यांच्या पुढाकाराने २००७-०८च्या सुमारास मार्गदर्शिका मुळातून नीट करण्याची मोठी मोहीम झाली. तिच्यात साधे वापरकर्ते कामाला लागले आणि त्यातले काही पुढे कोडकडे वळले. त्यानंतर कार्ल सोरेन्सन यांच्या देखरेखीखाली 'फ्रॉग्ज' नावाचा नवख्यांचा एक गट बांधला गेला. या गटात लहान-लहान त्रुटी निवडून नव्यांच्या हाती देत, आणि प्रश्न विचारायला एक ठरलेलं माणूस असे. या दुसऱ्या गोष्टीला मी जास्त महत्त्व देईन. स्टाइनमाकरांच्या यादीतले कितीतरी अडथळे एका ओळखीच्या, उत्तर देणाऱ्या माणसापाशी संपतात.

दुसरी स्वस्त जागा चाचण्यांची. या प्रकल्पात हजाराहून अधिक छोट्या चाचणी-फायली आहेत. प्रत्येक फाईल एखाद्या खुणेचा एकच बारकावा तपासते, आणि तिच्या माथ्यावर 'हे असं दिसायला हवं' हे साध्या वाक्यात लिहिलेलं असतं. कोडमध्ये बदल केला की या सगळ्या फायली पुन्हा छापल्या जातात आणि आधीचं चित्र, नंतरचं चित्र शेजारी ठेवून फरक दाखवला जातो. स्वरलिपीचा प्रोग्रॅम शिकायला सोपा पडतो तो इथे: बँकेच्या प्रोग्रॅममधली चूक आकड्यांत दडून राहते, इथली डोळ्यांना दिसते. कमान एका केसाने वर सरकली तरी दिसते. हान-वेन आणि यान यांनी मुळात हेच केलं होतं. बाखच्या चेलो सुइटची बेरेनरायटर प्रकाशनाची १९५० सालची हाताने कोरलेली प्रत आणि हेन्ले प्रकाशनाची २००० सालची संगणकावरची प्रत, यांची तुलना त्यांच्या मार्गदर्शिकेच्या निबंधात सविस्तर केलेली आहे. जुन्या कारागिराने डोळ्यांनी साधलेलं अंतर यंत्राला कसं शिकवावं, हा त्यांचा ध्यास. ज्याने क्रमिक पुस्तकाची पानं वर्षभर समोर ठेवून रियाज केला आहे, त्याच्याकडे आपल्या लिपीपुरता तो डोळा तयार असतो.

चाचण्यांनंतर स्कीममधली छोटी फंक्शनं, त्यानंतर एखादा एनग्रेव्हर, आणि ओळीतल्या अंतराचं गणित सर्वांत शेवटी. २०२०पासून हे सगळं काम गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चालतं. बदल पाठवला की यंत्र चाचण्या करतं, माणसं वाचतात, शंका काढतात. आक्षेप उरला नाही की काही दिवसांची जाहीर मुदत लागते आणि तीत कुणी हरकत घेतली नाही तर तो मूळ कोडमध्ये जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला हा जाच वाटतो. आपल्याकडे वहीवरची लाल शाई म्हणजे गुण कापले जाणं. इथे लाल शाई म्हणजे कुणीतरी आपलं लिहिलेलं ओळ न ओळ वाचलं. असा वाचक एरवी मिळत नाही, पैसे मोजूनही नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच मुलांच्या वागण्यातून आलेला आहे. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरला 'हॅक्टोबरफेस्ट' भरवत असे आणि ठरावीक चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट देत असे. २०२०च्या ऑक्टोबरात जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुठे एखादं विशेषण वाढवलेलं, कुठे एक स्वल्पविराम. त्याला एका लोकप्रिय भारतीय व्हिडिओचाही हातभार होता. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून 'ज्या प्रकल्पाने होकार दिला तिथलेच बदल धरले जातील' असं करावं लागलं. २०२४च्या आरंभी एक्स्प्रेस या प्रकल्पात भारतीय विद्यार्थ्यांनी माहितीच्या फायलीत स्वतःचं नाव घालण्याच्या विनंत्या रांगेने पाठवल्या. तेव्हा विचारणारा विचारेल: लहान कामापासून सुरुवात करा, हा सल्ला नेमका याच रोगाचं मूळ नाही का? मला तसं वाटत नाही, पण प्रश्न टाळण्यासारखा नाही. लहान काम आणि निरुपयोगी काम यांत फरक आहे, आणि तो एका प्रश्नाने कळतो: हा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः कशासाठी वापरता? एक्स्प्रेसवर नाव घालणाऱ्या मुलांना एक्स्प्रेसची गरज नव्हती, त्यांना गरज होती प्रोफाइलवर कामाची नोंद दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनाची. ज्याला स्वतःच्या क्लाससाठी भूपातली बंदिश छापायची आहे आणि मार्गदर्शिकेतल्या ज्या वाक्यापाशी तो अडला तेच वाक्य तो सुधारतो, त्याचा बदल चार शब्दांचा असला तरी खरा असतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिले काही महिने कोडला हात न लावता प्रोग्रॅम वापरावा. पन्नास बंदिशी स्टाफवर का होईना, त्यात लिहाव्यात. त्रुटींची यादी आपोआप हाती येते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त बोचरा आहे. धाटावच्या एमआयडीसीत किंवा पनवेलपलीकडे नोकरी शोधणाऱ्या घरातल्या मुलाने परदेशी प्रकल्पासाठी फुकट का राबावं? म्यूजस्कोअर या दुसऱ्या मुक्त प्रोग्रॅमचं उदाहरण इथे दिलं जाईल. जर्मन प्रोग्रॅमर वर्नर श्वीर यांनी २००२ साली तो सुरू केला, स्वयंसेवकांनी वाढवला, आणि २०१८ साली अल्टिमेट गिटार या कंपनीने त्यामागची संस्था विकत घेतली. पुढे कोड देणाऱ्यांकडून करारावर सही घेण्याची पद्धत आली. हे मी लपवणार नाही. त्याच वेळी हेही खरं आहे की कंपनी आल्यावर पगारी माणसं लागली, २०२२ सालच्या चौथ्या आवृत्तीत मोठा बदल झाला, आणि प्रोग्रॅम आजही जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कोड कुणालाही घेऊन पुढे नेता येतो. लिलीपॉन्ड हा ग्नू प्रकल्पाचा भाग आहे; त्यामागे कोणतीही कंपनी नाही, आणि त्याचा एक प्रमुख प्रोग्रॅमर कित्येक वर्षं वापरकर्त्यांच्या देणग्यांवर काम करत होता. भातखंडे लिपीसाठी मी लिलीपॉन्ड निवडतो याचं हेही एक कारण. पण वेळेचा प्रश्न यातून सुटत नाही. ज्याला संध्याकाळी दुकानावर बसायचं आहे त्याला 'सेवा करा' म्हणणं अन्यायाचं आहे. ही जबाबदारी कॉलेजांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक आले आहेत. त्यात ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हजेरीपट याच विषयांचे प्रोजेक्ट दरवर्षी नव्याने लिहिले जातात आणि कपाटात जातात. त्याऐवजी मुक्त प्रकल्पात स्वीकारला गेलेला एक बदल प्रोजेक्ट म्हणून धरला, तर विद्यार्थ्याचे तास वाया जात नाहीत आणि मूल्यमापनही फसवं होत नाही, कारण प्रत्येक शंका आणि प्रत्येक उत्तर तारखेसह जाहीर नोंदलेलं असतं.

इंग्रजीचा अडसर खरा आहे, पण त्याचा आकार आपण फुगवतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, सी प्लस प्लस, पायथन असे कितीतरी विषय साधारण दहा-दहा मिनिटांच्या धड्यांत मराठीतून उपलब्ध करून दिले आहेत. पडद्यावर इंग्रजीच दिसतं, कानावर मराठी पडतं, आणि शिकणारा धडा थांबवत-थांबवत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहतो. तपासणाऱ्याशी बोलायला लागणारं इंग्रजी चार-पाच प्रकारच्या वाक्यांत मावतं. खरी गरज आहे ती आठवड्यातून एकदा एकत्र बसून तोच कोड मराठीतून मोठ्याने वाचण्याची. एकाने स्कीम उलगडायची, दुसऱ्याने ताल. लिलीपॉन्डची मार्गदर्शिका जपानी, चिनी, हंगेरियन अशा भाषांत गेली आहे, मराठीत नाही. तिचं पूर्ण भाषांतर हाती घेऊ नये असं मी म्हणेन. ते वर्षं खाईल आणि पुढच्या आवृत्तीला जुनं होईल. सुरुवातीच्या धड्यांपुरतं मराठी पुरे.

कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, मग शिकायचं कशाला, असाही प्रश्न येतो. त्याला थोडक्यात उत्तर आहे. यंत्राने लिहिलेला एनग्रेव्हर तपासणाऱ्यापुढे ठेवला आणि त्याने विचारलं की मंद्रातल्या कोमल स्वराचा बिंदू रेघेच्या वर असावा की खाली, तर उत्तर देणाऱ्याला ते स्वतःला माहीत असावं लागतं. न समजता पाठवलेला कोड वाचण्यात स्वयंसेवकांचे तास जातात, आणि हे तासच या प्रकल्पांचं सगळ्यात तुटपुंजं भांडवल आहे.

शेवटचा आक्षेप संगीताच्या बाजूने येतो: गाणं गळ्यातून गळ्यात जातं, कागदावर उतरत नाही, मग त्या अपुऱ्या लिपीसाठी एवढा आटापिटा कशाला? हा आक्षेप भातखंड्यांनी आयुष्यभर ऐकला. १९१६ साली बडोद्याला त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हाही स्वरलिपी वादाचा विषय होती. मींडेचा प्रवास, आंदोलनाची खोली, लयीतलं झुलणं लिपीत येत नाही, हे मान्यच आहे. परंतु जी बंदिश शिष्य न मिळाल्याने बुडाली ती कोणत्याच गळ्यात राहिली नाही. लिपीने निदान सांगाडा राखला, आणि नंतरच्या गायकांनी त्यात प्राण घातला. कोकणातल्या भजनी मंडळांकडे आजही चालींचा मोठा साठा तोंडी आहे. कुठलाही बुवा आपली चाल स्टाफवर लिहायला बसणार नाही. वहीत सा-रे-ग लिहील. ती वही जशी आहे तशी संगणकात उतरवता आली तरच त्या चालींचा संग्रह होईल, दोन गावांतल्या एकाच अभंगाच्या चाली शेजारी ठेवून पाहता येतील.

तेव्हा सुरुवात कुठून? माझ्या मते मार्गदर्शिकेच्या त्या विभागात हिंदुस्थानी संगीतावर अर्धं पान लिहिण्यापासून. त्यात झपतालातली एक छोटी रचना असावी, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांची, खाली देवनागरी शब्द असलेली, स्टाफवरच छापलेली. एवढं आजच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळही न बदलता होतं. ती स्वीकारली गेली की सहा-सात चाचणी-फायली: कोमलाची रेघ, तीव्राची रेघ, मंद्रातला कोमल निषाद, एका मात्रेत तीन स्वर, समेची फुली, अवग्रह. प्रत्येकीच्या माथ्यावर अपेक्षित चित्राचं वर्णन. या फायली सुरुवातीला नापासच होतील, कारण तसं छापणारा कोड अजून नसेल. पण काय हवं आहे ते त्यांतून जगातल्या कोणत्याही प्रोग्रॅमरला कळेल. त्यानंतर स्वराच्या जागी अक्षर काढणारं स्कीममधलं फंक्शन. कणस्वराला मी मुद्दाम शेवटी ठेवतो. त्याला मात्रेत वेळ नसतो पण कागदावर जागा लागते, आणि स्वरांमधल्या अंतराचं सगळं गणित त्या बारीक अक्षरासाठी पुन्हा करावं लागतं. तिथपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला लिलीपॉन्डचा गाभा बऱ्यापैकी उलगडलेला असेल.